मदत हवी आहे: पाण्यातलं अल्ट्रासॉनिक शोषण शंभरपट जास्त येतंय

एमएस्सी फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे. इंटरफेरोमीटर (क्रिस्टलने सोडलेली लाट रिफ्लेक्टरच्या पट्टीवरून परत आणून तरंगलांबी मोजायचं यंत्र) २ मेगाहर्ट्झचा, सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर, तापमान २५ अंश. आवाजाचा वेग छान आला: २० मॅक्झिमांना (करंटच्या शिखरांना) रिफ्लेक्टर ७.४८ मिमी सरकला, म्हणजे अर्धी तरंगलांबी ०.३७४ मिमी आणि वेग १४९६ मी/से. पुस्तकात १४९७.

घोळ पुढे आहे. मॅक्झिमाचा करंट ४६ मायक्रोअँपिअरवरून ४१ वर उतरतो. त्यावरून लॉग घेऊन शोषणगुणांक (लाट किती झपाट्याने क्षीण होते) काढला तर दर मीटरला १५ येतो. पुस्तकातल्या आकड्यावरून २ मेगाहर्ट्झला ०.०८८ यायला हवा. स्टोक्सच्या सूत्रात पाण्याची श्यानता (घट्टपणा) घातली तर आणखीच कमी, ०.०२८. तीन आकडे, तिन्ही वेगळे! शिवाय १ आणि ३ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल लावून पाहिले, वेग तोच. मग डिस्पर्शन (वारंवारतेनुसार वेग बदलणं) दिसणार कुठे? सोमवारी जर्नल सबमिट करायचंय.

प्रतिसाद १
तुमचं रीडिंग चुकलेलं नाही, अपेक्षा चुकलीय. ०.०८८ घेऊन उलटा हिशोब करा. लाट जाऊन-येऊन १५ मिमी चालते (तुम्ही एकाच बाजूचं अंतर धरलंय, ते आधी सुधारा). तेवढ्यात आयाम (लाटेची उंची) घटतो ०.१३ टक्के. म्हणजे ४६ चे ४५.९४. तुमच्या मीटरच्या काट्याला हे दिसेल का?

मग ५ मायक्रोअँपिअर गेले कुठे? बहुतेक रिफ्लेक्टर तिरका आहे. क्रिस्टल २ सेंमीचा धरला तर अर्ध्या अंशाच्या कलाने दोन कडांच्या लाटांत जवळजवळ अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडतो. त्यात सेलच्या भिंती आणि क्रिस्टलवर चिकटलेले बुडबुडे. शिवाय मॅक्झिमांच्या मधे करंट शून्यावर येत नाही ना? तो पायाचा करंट वजा करायला हवा. केलात तर उत्तर आणखी बिघडेल, पण ते प्रामाणिक बिघडणं असेल.

प्रतिसाद २
०.०२८ आणि ०.०८८ मधला तिपटीचा फरक मात्र खरा आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. स्टोक्सने फक्त थर एकमेकांवर घासण्याची श्यानता धरली. पाणी दाबलं की रेणूंची मोकळी मांडणी दाट होते, पण ती दाबाच्या किंचित मागे राहते आणि त्या उशिरात ऊर्जा जाते. हॉलने १९४८ साली हे मांडलं. उष्णतेमुळे असेल म्हणाल, तर ४ अंशाचं पाणी बघा: तिथे प्रसरणांक (तापवल्यावर फुगण्याचं प्रमाण) शून्य, दाबलं तरी तापत नाही, तरीही जादा शोषण तसंच राहतं. बेंझिनचं उलट. तिथे दाबाने आलेली उष्णता रेणूंच्या अंतर्गत कंपनांत उशिरा शिरते, आणि शोषण स्टोक्सच्या सुमारे शंभरपट.

डिस्पर्शनही या उशिराशीच बांधलेलं आहे. पाण्याचा उशीर काही पिकोसेकंदांचा, तुमच्या लाटेचं एक आवर्तन ५०० नॅनोसेकंदांचं. रेणूंना जुळवून घ्यायला सवड भरपूर, मग वेग बदलायचं कारणच काय? कार्बन डायसल्फाइडमध्ये हे उशिरा जुळवून घेणं (रिलॅक्सेशन) ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतं, तिथे वेग बदलताना सापडतो.

प्रतिसाद ३
एरंडाचं गुऱ्हाळ वाटेल, पण खरंच एरंडेल घ्या. वेग जवळपास पाण्याइतकाच, शोषण शेकडो पट. मॅक्झिमा डोळ्यांदेखत बसत जातील. मात्र तोच सेल, तेवढंच अंतर ठेवा आणि पाण्यातली घट त्यातून वजा करा.

धागाकर्ता
आभारी आहे! पाण्याचं रीडिंग आता 'उपकरणाची घट' म्हणून लिहितो. एक शंका: तेल घातल्यावर सेल धुवायचा कशाने? लॅबमधले काका आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत.

प्रतिसाद ३
आधी टिश्यूने टिपून घ्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा खळबळा. एरंडेल त्यात विरघळतं. क्रिस्टल घासू नका, नाहीतर काकांचं खरं ठरेल.