एकट्यानेच खेळायचंय, पण ऑनलाइन: तुमचा गेम कुठला, बिल्ड कुठला?

मंडळी, धागा काढायचं कारण असं की घरचं सगळं आवरून, पोरगं झोपल्यावर मला खेळायला मिळतं आणि मध्येच ते उठलं की हेडफोन टाकून पळावं लागतं, त्यामुळे गिल्ड (खेळाडूंचे गट), रेड (सगळ्यांनी मिळून मोठा शत्रू मारणं), "आठ वाजता सगळ्यांनी ऑनलाइन या" हे प्रकार आपल्याला जमण्यासारखे नाहीत. पण जग मात्र ऑनलाइन पाहिजे, नवीन सीझन यावेत, बाजूने चार लोक पळताना दिसावेत. आणि मुख्य म्हणजे बिल्डमध्ये (कॅरेक्टरची स्किल आणि सामान यांची जुळणी) खेळायला वाव पाहिजे, प्रत्येक नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना उठवणारा जादूगार) शेजारच्या नेक्रोमॅन्सरसारखाच असेल तर मजा काय? तर एकट्याने काय खेळलात, कुठला बिल्ड चालला, कुठे गाडी अडली, सविस्तर लिहा. निव्वळ "अमुक बेस्ट आहे" नको.

*

पाथ ऑफ एक्झाइल. २०१३ पासून आहे, न्यूझीलंडवाल्यांचा, फुकट. बिल्ड म्हणाल तर ह्याच्या पुढे कोणी नाही, कारण इथे स्किल क्लासला (कॅरेक्टरच्या प्रकाराला) बांधलेलंच नाही, स्किल म्हणजे एक खडा (जेम), तो सॉकेटमध्ये बसवायचा आणि त्याला सपोर्ट जेम जोडायचे, मग मरॉडरने, म्हणजे दांडग्या लढवय्याने, फायरबॉल फेकला तरी कोणी अडवत नाही. पॅसिव्ह ट्री (कायमच्या बोनसांचा नकाशा) सगळ्यांची एकच, तेराशेच्या वर नोड, फक्त सुरुवात वेगवेगळ्या कोपऱ्यातून. पहिल्यांदा ती ट्री झूम आउट करून बघितली की माणूस गपगार होतो.

आता एकट्याचं. ह्यात सोलो सेल्फ फाउंड म्हणून मोड आहे, एसएसएफ, पार्टी नाही, ट्रेड नाही, जे पडेल ते आपलं. ड्रॉप (शत्रू मारल्यावर पडणारं सामान) मात्र वाढवून मिळत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणजे ज्या बिल्डचा जीव एखाद्या दुर्मिळ युनिकमध्ये (खास गुणांच्या वस्तूत) आहे तो विसरायचा आणि साध्या रेअर गिअरवर (नाव रेअर, पण नेहमी पडणारं सामान) उभे राहणारे घ्यायचे: टोटेम (आपल्या जागी मारा करणारे खांब), मिनियन (आपल्यासाठी लढणारे प्राणी), किंवा रायचस फायर, जे स्वतःलाही जाळतं म्हणून आगीचा रेझिस्टन्स आणि लाइफ रिजन (जीव आपोआप भरणं) आधी जमवावं लागतं. मला हेच आवडतं, बिल्ड आधी ठरवून खेळण्यापेक्षा पडलेल्या सामानावरून बिल्ड ठरतो. अगदीच कंटाळा आला तर कॅरेक्टर ट्रेडवाल्या लीगमध्ये हलवता येतं, परत यायचा रस्ता नाही. आणि २०२४ पासून गेममध्ये सोनं आलंय, ते देऊन पॅसिव्ह पॉइंट परत घेता येतात, त्यामुळे प्रयोग करायची भीती बरीच कमी झालीये.

*

वरच्या भाऊंशी अर्धा सहमत. पीओईत (पाथ ऑफ एक्झाइलमध्ये) बिल्ड लाख आहेत पण त्यातले किती जण स्वतः बनवतात? व्हिडिओ बघायचा, पाथ ऑफ बिल्डिंगचा (बिल्ड आखायच्या सॉफ्टवेअरचा) कोड चिकटवायचा, झालं. व्हरायटी ज्याने गाइड लिहिलं त्याची, आपण फक्त नोड क्लिक करणारे हमाल.

म्हणून माझं मत लास्ट एपॉकला. क्लास पाच, मास्टरी (क्लासच्या शाखा) पंधरा, ऐकायला कमी वाटतं, पण प्रत्येक स्किलला स्वतःची वेगळी ट्री आहे आणि एकावेळी पाच स्किल स्पेशलाइज करता येतात. नेक्रोमॅन्सरच घ्या: सांगाड्यांची फौज करा, किंवा बाकी सगळे बंद करून एकच दांडगा गोलेम (हाडांचा राक्षस) पाळा, किंवा रेथ (भुतं) सोडत राहा. हे सगळं ट्री वाचून डोक्याने काढता येतं, दुसऱ्या खिडकीत गाइड उघडं ठेवावं लागत नाही. क्राफ्टिंगही कळण्यासारखं आहे, वस्तूचं फोर्जिंग पोटेन्शियल (अजून घडवायची शिल्लक) संपेपर्यंत हात चालवायचा.

आणि एकट्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, सर्कल ऑफ फॉर्च्युन. २०२४ च्या फेब्रुवारीत १.० आलं तेव्हा दोन पंथ दिले, एकात बाजारात खरेदी-विक्री, दुसऱ्यात, म्हणजे ह्या सर्कलमध्ये, बाजार बंद पण तुमचे ड्रॉप वाढतात. म्हणजे एकटं खेळणं ही शिक्षा नाही, तोही एक धडधाकट रस्ता आहे. पूर्ण ऑफलाइन मोडही आहे, नेट गेलं तरी चालतंय. एंडगेमचे (कथा संपल्यानंतरचे) मोनोलिथ मात्र काही दिवसांनी तेच ते वाटतात, त्याला इलाज नाही.

*

तुम्ही सगळे राक्षस मारून सामान वेचणारे गेमच सांगताय. त्यात जग कुठे आहे? धागाकर्त्यांना बाजूने माणसं पळताना दिसायला हवीयेत ना?

मी गिल्ड वॉर्स २ खेळते, मधे बाळंतपण, बदली वगैरेमुळे मोठा खंड पडला आणि परत आले तर माझं जुनं गिअर तसंच्या तसं कामाचं. कारण २०१२ पासून लेव्हल ऐंशीच्या पुढे गेलेलीच नाही. दुसऱ्या गेममध्ये एवढ्या गॅपनंतर शून्यापासून सुरू करावं लागतं. महिन्याची फी पण नाही.

एकटीने खेळते म्हणजे काय, तर मॅपवर इव्हेंट सुरू होतो, जो येईल तो मारतो, बक्षीस ज्याचं त्याला, पार्टी करायची नाही की बोलायचं नाही. मध्येच उठले तरी कोणाचं अडत नाही. बिल्डचं म्हणाल तर हातातलं शस्त्र बदललं की पहिली पाच स्किल बदलतात, त्यावर ट्रेट्स (निवडायचे बोनस), त्यावर एलिट स्पेशलायझेशन (क्लासची खास शाखा). माझी रीपर, नेक्रोमॅन्सरचीच, मोठी तलवार घेऊन थंडपणे चेंगरत जाते, जीव कमी झाला की श्राउडमध्ये शिरायचं, तो दुसरा हेल्थबार असल्यासारखाच आहे. हात-पाय फार चालवायचे नसतील तर इंजिनिअरचा मेकॅनिस्ट घ्या, यंत्रमानव पुढे मार खातो आपण मागे. फक्त एलिट स्पेशलायझेशन विकतच्या एक्स्पान्शनमध्ये आहेत, आणि सर्व्हर अमेरिका-युरोपात, भारतातून पिंग (आदेश पोचायला उशीर) असतं. ओपन वर्ल्डला चालून जातं.

*

ताईंना +१. त्याच लायनीत ईएसओ, म्हणजे एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन. २०१६ च्या वन तॅम्रिएल अपडेटनंतर कुठल्याही लेव्हलला कुठेही जा, शत्रू तुमच्या बरोबरीचे. २०२१ पासून कंपॅनियन (संगणकाने चालवलेले सोबती) आहेत, एक हीलर बनवून बरोबर न्यायचा. त्यातल्या मिर्रीला घेऊन फिरा आणि कीटक पकडू नका, तिला राग येतो, खरंच.

बिल्डसाठी २०२५ ला सबक्लासिंग आलं, आपल्या क्लासच्या तीनपैकी दोन स्किल लाइन काढून दुसऱ्या क्लासच्या लावता येतात. काही लोक म्हणतात त्याने क्लासची ओळखच गेली, असेल, पण एकट्याला काय फरक पडतो, मला सॉर्सररचे पाळीव प्राणी आणि नाइटब्लेडचं रक्त शोषणं एकत्र मिळालं. दोन स्किलबारवर बोटं नाचवायला जमत नसेल तर ओकनसोल अंगठी घाला, एकाच बारवर काम होतं. ओव्हरलँड (उघडं जग) फारच सोपं आहे, झोपेत होतं. कस लागायला हवा तर मेलस्ट्रॉम अरीना, एकट्यासाठीच आहे, तिथे भले भले रडतात.

*

फायनल फँटसी १४. बिल्ड व्हरायटी: शून्य. एका जॉबचे (क्लासचे) सगळे सारखेच. पण एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब शिकता येतात आणि मुख्य कथेतल्या डंजनमध्ये माणसांऐवजी एनपीसी (संगणकाची पात्रं) घेऊन जाता येतं. फ्री ट्रायल लेव्हल सत्तरपर्यंत. कथेसाठी खेळा, बिल्डसाठी नको.

*

फोनवर कोणी खेळत नाही का? ओल्ड स्कूल रूनस्केप, आयर्नमॅन. संध्याकाळी डोंबिवलीला परतताना बसायला मिळालं तर बसून, नाही तर दाराशी टेकून. (सकाळी विसरा, खिशातून फोन काढता येत नाही.) आयर्नमॅन २०१४ पासून आहे, कोणाकडून काही घ्यायचं नाही, बाण पाहिजे तर लाकूड तोडा, लोखंड खणा, स्वतः बनवा. इथे बिल्ड म्हणजे स्वतःवर घातलेल्या अटी, कोणी डिफेन्सची लेव्हल एकवरच ठेवतो, कोणी लढाईच करत नाही, अल्टिमेट आयर्नमॅनला तर बँकच नाही. कासवगती आहे पण. ९९ लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि त्याचं अर्ध होतं ९२ ला, म्हणजे ९२ झाल्यावर पेढे वाटू नका. हार्डकोअर मात्र लोकलमध्ये नको, एकच जीव असतो आणि नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही.

*

म्हाताऱ्या माणसाचं पण ऐका. सिटी ऑफ हिरोज. २००४ चा, ३० नोव्हेंबर २०१२ ला बंद केला गेला, पण चाहत्यांनी जिवंत केला आणि २०२४ च्या जानेवारीत होमकमिंग ह्या चाहत्यांच्या सर्व्हरवाल्यांना रीतसर परवाना मिळाला. फुकट आहे. आर्केटाइप (क्लास) निवडा, मग प्रायमरी शक्ती, मग सेकंडरी, जोड्या मोजत बसलात तर रात्र जाईल. आणि जी गोष्ट मला पुढे कुठल्याच गेममध्ये नीट सापडली नाही ती ही, की मिशनची अवघडता तुम्ही ठरवता, एकटे असूनही सांगायचं की आठ जणांची टीम आहे असं समजून शत्रू सोड. नवीन बिल्ड तपासायला ह्यासारखी जागा नाही. मास्टरमाइंड घ्या, रोबोट नाहीतर निन्जा पुढे, आपण मागून हुकूम सोडायचे. ग्राफिक्स बघून नातू हसला, हसू दे.

*

धागाकर्ता: बाप रे, वाखुसा (वाचनखूण साठवली). आज रात्री लास्ट एपॉक उतरवतो, गोलेमवालाच, आणि शनिवारी ताईंची रीपर. काकांचा गेम ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर चालेलसं वाटतंय, तो गुपचूप. पीओईची ट्री उघडून बघितली आणि बंद केली.

*

बंद केली हेच बरोबर केलंत, जुलाब झाले असते :)
लास्ट एपॉकमध्ये एक बघा. सर्कल ऑफ फॉर्च्युनमध्ये असताना दुसऱ्या पंथाच्या बाजारातून घेतलेलं सामान अंगावर चढत नाही, आणि सर्कलमधून मिळालेलं विकता येत नाही. त्यामुळे पंथ आधी ठरवा, मग पेटी भरा. आणि लूट फिल्टर (नको ते सामान लपवणारा) पहिल्या दिवसापासून लावा, गेममध्येच आहे.