कधीही न भेटलेल्या मित्राला त्याचे गुण सांगताना

ज्या माणसाला आपण एकदाही प्रत्यक्ष भेटलो नाही, तरी ज्याच्याशी गेली पाच-सात वर्षे जवळजवळ रोज बोलतो, त्याच्यातले आपल्याला नेमके काय आवडते हे आपण त्याला कधी सांगितले आहे का? सांगितले असेल, तर कोणत्या शब्दांत सांगितले आणि पुढे काय झाले, आणि सांगायचे राहून गेले असेल, तर कशामुळे राहिले, हे आपण सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे. मित्राचे नाव लिहू नये; गुण मात्र मोघम लिहू नये. सुरुवात मी करते.

आम्ही दोघेही भाषांतराचे काम करतो आणि अडलेले शब्द एका गटात एकमेकांना विचारतो. चार वर्षांपूर्वी कायदेविषयक मजकुरातल्या एका शब्दावरून आमचा मतभेद झाला, सगळ्यांनी त्यांचे मत ग्राह्य धरले आणि विषय संपला. अकरा दिवसांनी, म्हणजे ती चर्चा सगळे विसरून गेल्यावर, त्यांनी आपण होऊन लिहिले, "त्या दिवशी माझे चुकले. तीन कोश पुन्हा पाहिले. त्यांनी (म्हणजे मी) सुचवलेला शब्दच बरोबर आहे." जुना संदेश पुसून टाकणे त्यांना सहज शक्य होते, पण त्यांनी तो तसाच ठेवला आणि त्याच्याखाली दुरुस्ती लिहिली. माझ्या ओळखीत हुशार माणसे पुष्कळ आहेत. कोणी विचारण्याआधी आपली चूक चारचौघांत मांडणारा माणूस मी तेव्हा प्रथमच पाहिला.

हे त्यांना सांगायला मला चार वर्षे लागली. न भेटलेल्या पुरुषाला एका स्त्रीने असे लिहिले तर त्याचा काय अर्थ घेतला जाईल, ही एक धास्ती होती, आणि आपण त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवत आहोत असे त्यांना वाटेल, ही दुसरी. मध्यंतरी अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेले एक संशोधन वाचनात आले. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून घेतला, आणि मग प्रत्यक्ष वाचणाऱ्यांना विचारले. लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्याच्या आनंदाचा अंदाज कमी बांधला होता आणि त्याच्या अवघडलेपणाचा जास्त. आपल्याला नेमके शब्द सापडतील का, याची चिंता लिहिणारे करत होते, तर वाचणाऱ्यांचे लक्ष पत्रातल्या आपुलकीकडे होते. माझ्याजवळ चार खोडलेले मसुदे होते. त्याच रात्री पाचवा लिहून पाठवला.

दोन दिवसांनी उत्तर आले. आभार मानून त्यांनी विचारले होते, "तो शब्द कोणता होता?" ते सगळे विसरून गेले होते. जे वागणे मी चार वर्षे जपून ठेवले होते, ते त्यांच्या लेखी एखाद्या दिवसाचे नेहमीचे काम होते.

* * *

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो २००६ साली मायकेल करन यांनी लिहायला घेतला आणि ते स्वतःही दृष्टिहीन आहेत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पडद्यावरचे शब्द तो मला वाचून दाखवतो, पण चित्रापाशी आला की, चित्राचे वर्णन कोणी लिहिलेले नसेल तर, 'ग्राफिक' एवढेच म्हणून पुढे जातो. गटात कोणी छायाचित्र टाकले की त्याखाली 'वा', 'अप्रतिम', 'डोळे निवले' असे पंचवीस-तीस उद्गार मी ऐकतो, आणि ते कशाविषयी आहेत हे मला कळत नाही.

आमच्या गटातल्या एक बाई गेली सहा वर्षे प्रत्येक छायाचित्राखाली त्याचे वर्णन लिहितात. मी त्यांना तसे कधी सांगितले नव्हते. मी गटात आल्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी आपल्या चित्रांखाली लिहायला सुरुवात केली, आणि पुढे इतरांच्या चित्रांखालीही लिहू लागल्या. त्यांचे वर्णन म्हणजे नुसती यादी नसते. एका पावसाळी चित्राखाली त्यांनी लिहिले होते, "खिडकीच्या काचेवर थेंब आहेत, पण चित्र काढणाऱ्याने थेंबांवर नजर ठेवली आहे, म्हणून बाहेरचे झाड पुसट झाले आहे, झाड ओळखता येत नाही, फक्त हिरवे आहे एवढे कळते." नजर एका गोष्टीवर ठेवली की दुसरी पुसट होते, हे मला त्या वाक्याने प्रथम समजले.

मागच्या वर्षी मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले. हे वर्णन माझ्यावर उपकार म्हणून लिहिलेले वाटत नाही, ते लिहिताना तुम्ही स्वतः चित्र अधिक नीट पाहत असता असे जाणवते, आणि मला तेच सर्वांत आवडते, असे त्यात लिहिले. त्यांनी कळवले की सुरुवातीला त्या माझ्यासाठी लिहीत होत्या, पण आता चित्राचे वर्णन लिहिल्याखेरीज ते पाहून झाले असे त्यांना वाटतच नाही.

जाता जाता एक विनंती करतो. माझ्यासारख्या मित्राचे कौतुक करताना टाळ्यांच्या बारा इमोजी ओळीने पाठवू नयेत, कारण त्यातली प्रत्येक इमोजी स्वतंत्रपणे वाचली जाऊ शकते. त्याऐवजी एक वाक्य लिहावे.

* * *

माझा अनुभव थोडक्यात सांगते. मी विकिपीडियावर लिहिते. तिथे एकमेकांच्या कामाची दखल घेण्यासाठी 'बार्नस्टार' देण्याची पद्धत २००३ पासून आहे. तारा असलेले ते एक छोटे चित्र असते आणि ते संपादकाच्या चर्चापानावर लावतात. एका सहकाऱ्याने वर्षभर फक्त मोडलेले दुवे शोधून दुरुस्त केले. नवा लेख लिहिला की नाव होते. दुवा दुरुस्त केलेला वाचकाच्या लक्षातही येत नाही. मी तारा लावला आणि सोबत त्यांनी दुरुस्त केलेल्या तीन लेखांची नावे लिहिली. त्यांचे म्हणणे असे की तारे त्यांना यापूर्वीही मिळाले होते, परंतु लेखांची नावे लिहिणारे कोणी नव्हते.

* * *

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहितो, कारण त्यातून मला खूप कळले.

दीर्घ आजारी माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. त्यातले एक गृहस्थ रात्री-अपरात्री कोणी काहीही विचारले तरी शांतपणे उत्तर देत असत. मी त्यांना लिहिले, "तुम्ही कधीच चिडत नाही. तुमच्याइतका समजूतदार माणूस मी आयुष्यात पाहिला नाही." त्यानंतर ते तीन आठवडे गटात आले नाहीत. मग मला एकट्याला त्यांचा संदेश आला: "तुम्हाला माझी लिहिलेली वाक्ये दिसतात, खोडलेली दिसत नाहीत. ज्या रात्री तुम्ही ते लिहिले, त्याच संध्याकाळी मी वडिलांवर ओरडलो होतो. तुमचा संदेश वाचून मला कानकोंडे झाल्यासारखे झाले."

मी कौतुक केले होते ते माझ्या मनातल्या माणसाचे. पुढे यावर वाचताना जोसेफ वॉल्थर या संज्ञापन अभ्यासकाने १९९६ साली मांडलेला विचार सापडला. लेखी संवादात लिहिणाऱ्याला आपले शब्द निवडायला, सुधारायला वेळ मिळतो, आणि वाचणारा उरलेल्या मोकळ्या जागा आपल्या कल्पनेने, बहुधा चांगल्याच रंगांनी, भरून काढतो. त्यामुळे न पाहिलेला माणूस प्रत्यक्षातल्या माणसापेक्षाही अधिक गुणी वाटू शकतो. माझ्याकडून नेमके हेच झाले होते, आणि त्याचे ओझे त्यांच्यावर पडले होते.

दोन महिन्यांनी मी पुन्हा लिहिले, पण या वेळी 'कधीच' आणि 'सर्वांत' हे शब्द गाळून लिहिले. "मार्च महिन्यात माझ्या आईची जेवणाची नळी निघाली, तेव्हा रात्री पावणेदोनला तुम्ही मला आधी 'ती स्वतः आत ढकलू नका' असे सांगितले, आणि मग डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत पंचवीस मिनिटे माझ्याशी बोलत राहिलात. त्या पंचवीस मिनिटांसाठी मी तुमचा ऋणी आहे." त्यांचे उत्तर लगेच आले. ते म्हणाले, "हे मी केले आहे. हे मी घेतो."

* * *

आपल्या दुसऱ्या पत्रातली वाक्ये जशीच्या तशी दिल्याबद्दल आभारी आहे. 'हे मी केले आहे, हे मी घेतो' या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले. माझ्या पाचव्या मसुद्यात आणि आधीच्या चारांत काय फरक होता, हे आत्ता लक्षात येते: पहिल्या चारांत ते किती प्रामाणिक आहेत याचे वर्णन होते आणि पाचव्यात फक्त अकरा दिवसांची गोष्ट होती.

* * *

माझे सांगायचे राहून गेले. आम्ही दोघी रोज सकाळी एकमेकींना एक कविता पाठवत असू, कधी जुनी, कधी स्वतःची. माझ्या कवितेतला कच्चा शब्द ती अचूक ओळखत असे, पण तो बदल असे कधी सांगत नसे. तेवढीच ओळ परत पाठवून 'ही पुन्हा वाच' म्हणत असे. हा तिचा संयम मला किती मोलाचा वाटतो, हे तिच्या वाढदिवसाला लिहीन असे मी ठरवले. वाढदिवसाला लिहिले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर संदेशापुढे एकच खूण आली. तिची दुसरी खूण आजतागायत आली नाही. महिन्याभराने तिच्या बहिणीने दुसऱ्या क्रमांकावरून मला कळवले.

नॉर्वेतील मॅट्स स्टेन या तरुणाची हकिकत अनेकांना माहीत असेल. स्नायूंच्या ड्यूशेन या आजारामुळे २०१४ साली, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. मुलगा खोलीत बसून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळतो आणि त्याला मित्र नाहीत, असे आईवडिलांना वाटत होते. त्याच्या निधनाची बातमी त्यांनी त्याच्या ब्लॉगवर दिली, आणि तो आपल्याशी कसा वागला, आपल्या अडचणीत कसा उभा राहिला हे सांगणारी पत्रे त्या खेळातल्या मित्रांकडून येऊ लागली. काही जण अंत्यसंस्कारालाही आले. ती पत्रे आईवडिलांना मिळाली, हे फार मोठे झाले. मी मात्र त्या हकिकतीचा विचार करते तेव्हा मला प्रत्येक वेळी मॅट्सच आठवतो, ज्याला ती वाचता आली नाहीत.

मी तिच्याविषयी लिहिलेला तो संदेश तिच्या बहिणीला पाठवला. बहिणीला तिच्या कवितांविषयी काहीच माहिती नव्हती.

* * *

ज्या व्यक्तीविषयी मी लिहीत आहे, ती पुरुष आहे की स्त्री, हे नऊ वर्षांनंतरही मला माहीत नाही. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' यांतले एक निवडल्याशिवाय स्वतःविषयी परिच्छेदभरही लिहिता येत नाही, असे मला वाटत असे. या व्यक्तीने 'माझे वाचून झाले', 'मला जमले', 'माझ्याकडून राहिले' अशी वाक्ये योजून ते नऊ वर्षे साधले आहे, आणि त्यामुळे तिचे लिखाण कुठेही ओढूनताणून केलेले वाटत नाही. मला त्या कारागिरीचे कौतुक वाटते. त्याहून अधिक कौतुक याचे वाटते की या व्यक्तीने दुसऱ्या कोणालाही त्याचे वय, शिक्षण, घर यांविषयी कधी विचारलेले नाही. समोरचा जेवढे सांगेल तेवढ्यावर ती बोलते.

हे मी त्यांना कळवले. 'तुम्ही लिहिलेत', 'तुम्ही थांबलात' असे लिहिताना 'तुम्ही'ने माझी फार सोय केली. त्यांचे उत्तर असे आले: "हे कोणाच्या लक्षात येईल असे वाटले नव्हते. बरे वाटले. न विचारल्याबद्दलही आभार."

* * *

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. विणकाम शिकणाऱ्यांच्या प्रश्नांना मी उत्तरे देते. एकदा एका मुलीने लिहिले, "टाके कमी कसे करायचे हे गेल्या वर्षभरात निदान वीस जणींनी विचारले असेल, पण 'हे आधी विचारून झाले आहे, शोधा' असे तुम्ही एकीलाही म्हटले नाहीत. मी विसावी होते." मी तिला उत्तरादाखल फक्त जोडलेल्या हातांची इमोजी पाठवली. तिला ते कोरडे वाटले असणार. खरे म्हणजे तो संदेश मी कागदावर उतरवून काढला आणि सुयांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. डबा उघडला की तो रोज दिसतो. हे तिला सांगायला मला चौदा महिने लागले. डब्याचे छायाचित्र पाठवले तेव्हा तिने लिहिले की आपले काहीतरी चुकले असे समजून तिने पुन्हा कोणालाच तसे लिहिले नव्हते.

* * *

हे सगळे वाचून मी आत्ताच एक संदेश पाठवून आलो. लिचेस या संकेतस्थळावर आम्ही दोघे तीन वर्षे बुद्धिबळ खेळतो. समोरच्याचे इंटरनेट तुटले की थोड्या वेळाने पडद्यावर पर्याय येतात: विजय मागून घ्या, बरोबरी करा, किंवा थांबा. माझे इंटरनेट वरचेवर तुटते. ते दर वेळी थांबतात. हरत असताना थांबतात आणि जिंकत असतानाही थांबतात, आणि मी परत आलो की त्याविषयी एक अक्षरही न बोलता पुढे खेळतात. मी एवढेच लिहिले की हे मला दर वेळी दिसते.

त्यांनी शब्दांत उत्तर दिलेले नाही. नव्या डावाचे आव्हान पाठवले आहे, आणि पांढरी मोहरी मला दिली आहेत.