शब्दचर्चा: जीवाणू, विषाणू, जंतू आणि ‘अणू’

प्रश्न: ‘जीवाणू’ आणि ‘विषाणू’ हे शब्द लिहिण्याबोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. दोहोंना सरसकट ‘जंतू’ म्हटले तर काय बिघडते? शिवाय या शब्दांतील ‘अणू’चा नेमका अर्थ कोणता?

उत्तर: ‘जंतू’ हा शब्द चुकीचा नाही, पण फार सैल आहे. संस्कृतात जन्माला आलेला कोणताही प्राणी तो जंतू, आणि मराठीत तो पोटातल्या जंतांपासून जंतुनाशकापर्यंत सर्वत्र पसरला आहे. घरगुती बोलण्यात त्याने भागते, औषधाची गोष्ट निघाली की भागत नाही. पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक जीवाणूला आपली पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. विषाणूला मुळात पेशीच नसते, तेव्हा विषाणुजन्य सर्दीवर ते औषध घेऊन काही साधत नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवायला हवेत, असे मला कळकळीने वाटते.

येथील ‘अणू’ रसायनशास्त्रातला नव्हे. अतिसूक्ष्म कण हा त्याचा जुना अर्थ इथे आहे, जसा तो शुक्राणूत आहे. ‘विषाणू’ हा शब्द ‘व्हायरस’च्या मूळ लॅटिन अर्थाला, म्हणजे विषाला, धरून आहे. ‘जीवाणू’ मात्र भाषांतरित नाही. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्गने १८२८ मध्ये दिलेल्या ‘बॅक्टेरियम’ या नावामागे छोटी काठी या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठीने काठी सोडून जीव घेतला हे उत्तम झाले, कारण सगळेच जीवाणू काठीसारखे नसतात.

लेखनाबाबत एक सूचना: सुटा शब्द ‘जीवाणू’ दीर्घ, ‘जीवाणूंचा’ही दीर्घ, पण समासात पूर्वपद झाल्यावर ‘जीवाणुजन्य’, ‘जीवाणुशास्त्र’ असे ऱ्हस्व.

पुढील प्रश्न: गोलाणू आणि दंडाणू ही मग जीवाणूंची कुळे समजावीत काय?

उत्तर: नाही, ती आकारांची नावे आहेत. जर्मन जीवशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये आकारावरून वर्गीकरण मांडले, तेव्हा सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रूपापलीकडे फारसा आधार उपलब्ध नव्हता. त्या रूपाचे वर्णन आपले शब्द फार सुरेख करतात: माळेसारखे जोडलेले ते मालागोलाणू, द्राक्षांच्या घडासारखे एकत्र असलेले ते पुंजगोलाणू. पण रूप सारखे म्हणजे नाते जवळचे, असे मात्र होत नाही. दह्यातला लॅक्टोबॅसिलस आणि आपल्या आतड्यातला ई. कोलाय हे दोघेही दंडाणू असले, तरी पहिल्याची भित्तिका पेप्टिडोग्लायकन या शर्करा व अमिनो आम्लांच्या जाळीदार पदार्थाच्या जाड थराची असल्यामुळे तो जीवाणूंना रंगवून पाहण्याच्या ग्रॅमच्या चाचणीत जांभळा रंग धरून ठेवतो, तर दुसऱ्याचा तो थर पातळ असून त्याबाहेर आणखी एक पटल असते आणि धुतल्यावर जांभळा रंग निघून जातो. ही चाचणी डॅनिश वैद्य हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जांभळा रंग धरून ठेवणारे ते ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’. त्या ‘ग्रॅम’चा वजनाशी संबंध नाही, आणि ‘पॉझिटिव्ह’चा विद्युतभाराशी. म्हणून ‘ग्रॅम-धन’ असे भाषांतर करण्यापेक्षा ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ तसेच ठेवावे, असे माझे मत आहे.

नावाने फसवणारी आणखी दोन उदाहरणे आहेत. ‘नील-हरित शैवाल’ हे शैवाल नव्हेच. त्याच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते, ते प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत आणि ‘नील-हरित जीवाणू’ हेच त्यांचे योग्य नाव. याउलट ‘आदिजीवाणू’ या शब्दात जीवाणू असूनही ज्यांना तो लावतात ते आर्किया जीवाणूंत मोडत नाहीत. त्यांनाही केंद्रक नसते, पण त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते, आणि १९७७ मध्ये कार्ल वूस व जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या घटकातील, आरएनएची तुलना करून ही शाखाच निराळी असल्याचे दाखवले. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याचे कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया असे आढळले. त्या रंगाविषयी लिहिताना ‘जीवाणूंमुळे’ असे लिहू नये. ‘सूक्ष्मजीवांमुळे’ हा शब्द तिथे अचूक बसतो.