‘पुट ऑफ’ : आधी कर्म पाहावे

‘पुट ऑफ’ म्हणजे ‘पुढे ढकलणे’ एवढाच अर्थ पाठ असलेला वाचक ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यापाशी अडतो, कारण वास कोणाला पुढच्या तारखेवर ढकलत नाही. वासामुळे खाण्याची इच्छाच गेली, असे येथे सांगायचे आहे. म्हणून या क्रियापदाचा अर्थ लावताना आधी त्याचे कर्म पाहावे, असे माझे मत आहे.

कर्म सभा, परीक्षा किंवा निर्णय असेल, तर ‘लांबणीवर टाकणे’ हा अर्थ सरळ लागतो. मात्र स्वतःचेच काम कोणी वारंवार पुढे नेत असेल, तर तेथे ‘चालढकल करणे’ हाच शब्द योग्य, कारण त्यातील दोषाची छटा ‘लांबणीवर टाकणे’ यात उतरत नाही. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. पुढे ढकललेल्या सामन्याला रद्द म्हटले, तर बातमीच चुकते.

कर्म व्यक्ती असेल, तर खरी कसोटी लागते. ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ याचा अर्थ, प्रत्येक वेळी नवी सबब सांगून तो मला टोलवत आहे, असा होतो. ‘हिज मॅनर पुट्स मी ऑफ’ यात मात्र त्याच्या वागण्यामुळे मन उडते, त्याच्या जवळ जावेसे वाटत नाही. ब्रिटिश इंग्रजीत तिसराही अर्थ आहे: कोणी नेम धरत असताना शेजारी हसत राहिले, तर ते हसणे त्याला ‘पुट ऑफ’ करते, म्हणजे त्याचे चित्त विचलित करते. ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण नकोसे वाटायला लावणाऱ्या किंवा चित्त विचलित करणाऱ्या गोष्टीसाठी येते. दिरंगाईशी त्याचा संबंध नाही, आणि ‘ऑफ-पुटिंग माणूस’ याचे भाषांतर ‘चालढकल करणारा’ असे करणे साफ चूक आहे.

दिवा बंद करणे या अर्थीही हे क्रियापद चालते, पण ‘स्विच ऑफ’ अधिक रूढ आहे.

रचनेचे दोन नियम पाळावेत. कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच येते: ‘पुट इट ऑफ’ हे शुद्ध, ‘पुट ऑफ इट’ हे अशुद्ध. पुढे दुसरे क्रियापद आले, तर त्याला ‘इंग’ लागतो, म्हणून जाणे लांबणीवर टाकले हे सांगताना ‘पुट ऑफ गोइंग’ असे लिहावे, ‘पुट ऑफ टू गो’ असे नव्हे.