अनुभव धागा : उद्याचं रेसकार्ड तुम्ही कसं वाचता?

पुण्याचा पावसाळी सीझन सुरू झाला की मला वडिलांची लाल-निळी पेन्सिल आठवते. ते परळच्या गिरणीत साच्यावर होते. शनिवारी रात्री जेवणं उरकली, की दुसऱ्या दिवशीच्या शर्यतींतले घोडे आणि त्यांची वजनं, म्हणजे रेसकार्ड, छापलेलं रेसबुक चटईवर उघडून बसायचे. लाल खूण म्हणजे घोडा नक्की पळणार. निळी म्हणजे उद्या पॅडॉकमध्ये, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, बघून ठरवायचं. एका शर्यतीला दोन लाल खुणा त्यांनी कधी केल्या नाहीत. पाच-दहा रुपये लावायचे, पण त्यासाठी दोन-अडीच तास वाचायचे, आणि आई दिवा मालवायला सांगून थकायची.

घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं 1996 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं. हे कौशल्य नेमकं कुठे असतं, यावर मराठीत फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा धागा. टिपा नकोत. तुम्ही काय पाहिलंत, काय जुळलं आणि कुठे चुकलात, ते लिहा.

वानवडीकर

पुण्यात माझा पहिला प्रश्न एकच असतो: रात्री पाऊस किती झाला? मग पेनेट्रोमीटरचा आकडा बघतो. दांडी जमिनीत किती रुतते ते त्यात मोजतात. आकडा वाढला की जमीन मऊ झाली.

हे मी धडा घेऊन शिकलो. मुंबईत मार्चच्या कडक जमिनीवर ओळीनं दोन शर्यती मारलेला एक घोडा पुण्यात 1200 मीटरला फेवरेट होता, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर लागले होते. मीही त्याच्यावर डोळे मिटून खूण केली होती. तीन दिवस संततधार होती. गेट उघडताच तो पुढे आला, पण वळणावरच त्याची चाल मोडली. घरी येऊन त्याच्या जुन्या शर्यती पुन्हा लावून बघितल्या. त्याचे पाय जमिनीलगत सरपटत पडायचे. असला घोडा कोरड्यात वाऱ्यासारखा जातो आणि चिखलात त्याला प्रत्येक टाप ओढून काढावी लागते. गुडघा उचलून टाप टाकणाऱ्याला मऊ जमीन चालते. तेव्हापासून वहीत प्रत्येक घोड्यापुढे 'को' किंवा 'म' लिहितो. चार सीझनच्या वह्या झाल्या आहेत.

आकडेमोड

मी बँकेत आहे, त्यामुळे मला कार्डावरचं वजन आधी दिसतं.

रेटिंग म्हणजे घोड्याच्या कामगिरीला दिलेला आकडा. क्लास फोर म्हणजे 20 ते 46 रेटिंगचे घोडे. एका पॉइंटला पाठीवर अर्धा किलो वजन जास्त. म्हणजे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या घोड्यात 13 किलोंचा फरक. चांगल्या घोड्याला जड करून सगळ्यांना एका रेषेत आणायचं, हा त्यामागचा हेतू. आपण शोधायचं ते एवढंच, की ही रेषा कुठे वाकडी राहिली आहे.

समजा, मागच्या वेळी 1600 मीटरला सारख्याच वजनावर 'अ'नं 'ब'ला एका लांबीनं, म्हणजे एका घोड्याच्या अंगाइतक्या अंतरानं, हरवलं. त्याबद्दल 'अ'चं रेटिंग सहानं वाढलं, म्हणजे आज तीन किलो जास्त. मैलाच्या शर्यतीत दीड किलोला एक लांबी असा माझा ढोबळ हिशेब आहे. कागदावर आज 'ब' एका लांबीनं पुढे. मी बरीच वर्षं इथंच थांबायचे आणि हरायचे, कारण ती एक लांबी कशी आली हे कागदावर नसतं. जॉकीनं चाबूक उचललाच नसेल, शेवटचे पन्नास मीटर तो मागे वळून बघत आला असेल, तर ती लांबी सहज चारची झाली असती. आता मी शर्यतीचं चित्रीकरण बघते आणि फक्त जॉकीच्या हातांकडे बघते. हात स्थिर असतील तर हिशेब पुन्हा मांडते.

आणखी एक जागा आहे, तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. क्लास थ्री 40 ते 66 आहे. म्हणजे 44 रेटिंगचा घोडा दोन्ही क्लासमध्ये पळू शकतो: फोरमध्ये जवळजवळ सगळ्यात जड, थ्रीमध्ये जवळजवळ सगळ्यात हलका. ट्रेनरनं यातलं काय निवडलं, ते मी दोनदा बघते. पाठीवर वजन पेलणारा दणकट घोडा फोरमध्ये आला, की माझी खूण तिथे असते. अंगानं लहानखुरी घोडी थ्रीमध्ये कमी वजनावर आली, तर तिच्याबद्दल मालकांना काहीतरी वाटतंय, असं मी धरते.

मोतद्दाराचा पुतण्या

वरची आकडेमोड बरोबरच आहे, पण माझे काका महालक्ष्मीच्या तबेल्यात आयुष्यभर मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारे, होते, आणि ते कार्ड वाचायचेच नाहीत. त्यांना वाचताच येत नव्हतं. ते म्हणायचे, "घोडं चंदी टाकून तोंड फिरवतंय का बघ. फिरवत असेल तर ते आज पळायचं नाही."

चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, तो आपल्याला दिसत नाही. पॅडॉक दिसतो. काकांनी मला तिथे तीन गोष्टी बघायला शिकवलं. चालताना मागची टाप पुढच्या टापेच्या खुणेला ओलांडून पुढे पडते का. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस आलाय का. आणि अंग खराऱ्यानं, म्हणजे ब्रशनं घासून, चमकतंय की आतून चमकतंय. हा तिसरा फरक मला कळायला सहा वर्षं लागली. खराऱ्याची चमक सपाट असते. आतल्या चमकेत घोडा वळला की फासळ्यांवरून उजेड पाण्यासारखा सरकतो.

एकदा एक करडी घोडी तुफान फेवरेट होती. सकाळच्या कामात, म्हणजे सरावात, 600 मीटर 38 सेकंदात काढलेली, सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव. पॅडॉकमध्ये ती शेपूट झाडत होती, कान मागे चिकटलेले, मांड्यांत फेस. काका कठड्यापाशी उभे होते. हळूच म्हणाले, "हिची रेस इथंच पळून झाली." ती शेवटून दुसरी आली. काकांना आनंद झाला नाही. तिला सांभाळणारा पोरगा त्यांच्याच गावचा होता. संध्याकाळी ते त्याच्याकडे जाऊन बसले.

पेन्सिलच बरी

मी हे लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. मला कार्ड चांगलं वाचता यायचं, आणि तरीही मी पतपेढीच्या कर्जात गेलो. कारण वाचलेलं मी शेवटच्या क्षणी खोडायचो. बुकींच्या रिंगजवळ कुणीतरी कानात सांगायचं, "आतली खबर आहे," आणि माझी रात्रभराची मेहनत पाण्यात. दिवसात एक शर्यत हरलो, की पुढच्या शर्यतीत ती भरून काढायला दुप्पट लावायचो. ती शर्यत मी अभ्यासलेलीही नसायची. त्यात करही कापला जातो: 2017 साली 28 टक्के जीएसटी आला, आता तो 40 आहे.

कर्ज फेडायला पाच वर्षं लागली. बायकोनं त्या काळात शिकवण्या घेतल्या, हे मी विसरत नाही. आता पैसे लावत नाही. शनिवारी खुणा करतो, कागदावर तारीख घालतो आणि रविवारी निकालाशी ताडून बघतो. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी घरात कुणाशी तरी बोला. मी फार उशिरा बोललो.

मेलबर्नहून

महालक्ष्मीचा ट्रॅक 1883 सालचा, आणि तो इथल्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर आखलेला. मी कॉलफिल्डला पहिल्यांदा गेले तेव्हा हे माहीत नव्हतं, पण स्टँडमधून बघताना दादरचं घर आठवलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी असते. 3200 मीटर, आणि तोही हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन. ऑफिसात सगळे चिठ्ठ्या काढून घोडे वाटून घेतात. मी मात्र आदल्या रात्री आजोबांसारखी वजनं लिहून काढते.

फेब्रुवारीची वाट बघणारा

कुणी इंडियन डर्बीवर लिहिलं नाही म्हणून लिहितो. फेब्रुवारीचा पहिला रविवार, महालक्ष्मी, 2400 मीटर, सगळे चार वर्षांचे. इथे हँडिकॅप नाही, त्यामुळे वरचा वजनाचा हिशेब इथे चालत नाही. पोटात दम किती, हाच प्रश्न. त्याआधी डिसेंबरमध्ये गिनीज ही शर्यत असते, ती 1600 मीटरची. ती मारलेला घोडा आणखी आठशे मीटर तग धरेल का, हे मी आईबापांवरून बघतो. आई किंवा बाप लांब पल्ल्याचे असतील तर भरवसा ठेवतो. मैलाला शेवटी वेग वाढवणारा घोडा मला मैल पुढे राहून मारणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

आणि घोडीला सोडू नका. 1943 ची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल'नं मारली होती, ती घोडीच.

धागाकर्ता

सगळं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रेसबुकही मीच वाचतो, फोन स्पीकरवर ठेवून. करड्या घोडीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि मोतद्दाराचं गाव विचारलं. पुतण्यानं सांगितलं तर बरं होईल. मग म्हणाले, रविवारच्या तिसऱ्या शर्यतीत पाच नंबरवर वजन किती आहे ते बघ, आणि रात्रीचा पाऊस कळला की परत फोन कर. लाल पेन्सिल अजून त्यांच्याकडेच आहे.