पुस्तकालय: दुकान की लायब्ररी?

शब्दवेल्हाळ

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. दिवाळी अंकासाठी एका हिंदी कथेचा अनुवाद करते आहे. कथेतली मुलगी शाळा सुटली की घरी न जाता रोज पुस्तकालयात जाऊन बसते. घरात भांडणं असतात आणि तिथं शांतता असते, एवढंच कारण. मी मराठीतही 'पुस्तकालय' तसंच ठेवलं. शब्द संस्कृत, आपल्याकडेही चालतो, मग हात कशाला लावायचा?

रविवारी रंकाळ्यावर आमची वाचणारी चार-पाच मंडळी जमतात. तिथं पहिली चार पानं वाचून दाखवली. एक मैत्रीण म्हणाली, "छान झालंय, पण ती मुलगी रोज दुकानात का बसते? मालकाची मुलगी आहे का?" मला आधी कळेचना. मग बाकीचेही म्हणाले की त्यांच्याही डोळ्यांसमोर दुकानच आलं होतं. गल्ला, वह्यांचे गठ्ठे, खाकी कव्हरं. अख्खी चार पानं त्यांनी दुकानात उभं राहून ऐकली!

आता तिथं काय लिहू? वाचनालय, ग्रंथालय की सरळ लायब्ररी? कथेतली जागा लहान गावातली, दोन खोल्यांची. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं, आतल्या खोलीत तीन कपाटं. मुलगी अकरा वर्षांची.

पेठकरी

ताई, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. कोल्हापुरात पुस्तकालय म्हणजे दुकान. शाळा सुरू व्हायच्या आधी पप्पांच्या स्कूटरवर मागं बसून आम्ही महाद्वार रोडला जायचो. हातात शाळेनं दिलेली यादी. काउंटरवरचा माणूस यादीकडे एकदाच बघायचा आणि न विचारता पाचवीचा संच, दोनशे पानी सहा वह्या, खाकी कागदाची गुंडाळी आणि नावाच्या चिठ्ठ्या समोर ठेवायचा. घरी आल्यावर आई विचारायची, "पुस्तकालयात गर्दी होती काय रे?" यात बसून वाचण्याचा संबंधच नाही. पुस्तकाचं पान उलटून बघितलं तरी तो माणूस म्हणायचा, "घरी जाऊन बघ."

जुनं बाड

हा अर्थ चुकीचा रूढ झालेला आहे, आणि चुकीचा म्हणूनच तो सोडला पाहिजे. आलय म्हणजे राहण्याची जागा. पुस्तके जिथे राहतात ते पुस्तकालय. दुकानात पुस्तक राहायला येत नाही, जायला येते. विक्रीच्या जागेसाठी भांडार आहे, पुस्तक विक्री केंद्र आहे, अगदी बुक डेपोसुद्धा चालेल. हिंदीत पुस्तकालय म्हणजे ग्रंथसंग्रहच, गुजरातीतही तेच. मराठी माणसाने एक चांगला शब्द दुकानाच्या पाटीवर टांगला म्हणून अनुवादकाने तो टाकून द्यावा हे मला पटत नाही. ठेवा 'पुस्तकालय' आणि पहिल्या वेळी एक तळटीप द्या.

पेठकरी

अकरा वर्षांच्या पोरीच्या गोष्टीला तळटीप? आणि आलय म्हणजे राहायची जागा म्हणता, मग औषधालयात औषधं राहायला येतात का? भोजनालयात काय भोजन मुक्कामाला असतं? लोक पैसे देतात आणि वस्तू घेतात, तरी आलयच म्हणतो आपण.

उलटं उदाहरण पण देतो. पेढी म्हणजे पैशाच्या व्यवहाराची जागा, सराफाची, सावकाराची. पण कॉलेजातली 'पुस्तकपेढी' पुस्तक विकत नाही, गरजू पोरांना वर्षभर वापरायला देते. म्हणजे नावात पेढी आहे ती देते आणि नावात आलय आहे तो विकतो. फोड करून अर्थ लागत नाही हो बाडकाका. लोक त्या जागेत काय करतात त्यावर लागतो.

दौत

मी एका ग्रंथालयात नोकरी केली, सगळी हयात देवघेवीच्या टेबलामागे गेली, म्हणून लिहिते.

पाटीवरचा शब्द 'ग्रंथालय'. कायद्यातला शब्द तोच. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, आणि त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, आपल्या कोल्हापूर संस्थानात ग्रंथालयांचा कायदा झाला होता. भारतातला तो पहिला मानतात. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हे वाक्य आलं की मी जरा ताठ बसायचे. हुद्दासुद्धा ग्रंथपाल. हिंदीत त्याच हुद्द्याला पुस्तकालयाध्यक्ष म्हणतात. तिकडच्या एका परिषदेला गेले होते तेव्हा माझ्या ओळखपत्रावर तेच लिहिलं होतं, आणि दिवसभर मला कुठल्या तरी सभेचं अध्यक्षपद मिळाल्यासारखं वाटत होतं.

पण इतक्या वर्षांत एकाही बाईनं मला "ग्रंथालयात आले" असं म्हटलं नाही. 'वाचनालय' म्हणायचे ते म्हातारे, सकाळी पेपर वाचायला येणारे. त्यांच्यासाठी बाहेरचा दालनाचा भाग म्हणजे वाचनालय आणि आमची कपाटं म्हणजे आतली खोली. बाकी सगळे 'लायब्री'. मधला 'र' कुणी उच्चारत नाही. आणि बायका जागेचं नावच घेत नसत. पायरी चढताना पिशवीतून पुस्तक काढत म्हणायच्या, "बाई, पुस्तक बदलायला आले."

शब्दवेल्हाळ

'पुस्तक बदलायला' किती वर्षांनी ऐकलं! आमच्या घरीही हेच. "जा गं, पुस्तक बदलून आण." कुठून ते सांगावं लागायचं नाही. दौतबाई, धन्यवाद. पण माझी मुलगी पुस्तक बदलत नाही हो, ती तिथं नुसती बसते. घरी नेलं तर पुस्तक फाटेल अशी तिला भीती आहे.

जुनं बाड

'बदलणे' हे क्रियापद इथे मूळचे आहे की इंग्रजी अमदानीतल्या वर्गणीदार वाचनालयांनी रुजवले, हे पाहायला हवे. एक पुस्तक परत केल्याशिवाय दुसरे मिळत नसे, म्हणून अदलाबदल. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात १८५० ची, तेव्हाचे नाव कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी. 'वाचन मंदिर' हे नाव मात्र मला फार आवडते. मंदिरात देव बदलून मिळत नाही, जाऊन बसावे लागते. शब्दवेल्हाळताई, तुमच्या मुलीला 'वाचन मंदिर' शोभेल.

पेठकरी

म्हणजे 'नेटिव्ह लायब्ररी' गेली, 'वाचन मंदिर' आलं, आणि लोक अजून 'लायब्री'च म्हणतात. यातच सगळं आलं की.

निपाणीकर

मी पलीकडचा, पण बाजाराला कोल्हापुरातच येतो. आमच्याकडे कन्नड पाटीवर 'ग्रंथालय'च असतं. एसटीतून उतरल्यावर भाषा बदलली तरी तेवढा एक शब्द ओळखीचा भेटतो. म्हणून मला तो सरकारी किंवा जड कधी वाटला नाही. लहानपणी कन्नड शाळेत मला फारसं वाचता यायचं नाही, पण ती पाटी अक्षर लावून लावून वाचली होती आणि अर्थ आपोआप कळला होता. माझं मत 'ग्रंथालय'.

दौत

निपाणीकर, तुमचं म्हणणं पटलं, पण 'ग्रंथ' शब्दाचा भार मोठा आहे. ग्रथ् म्हणजे बांधणं, गुंफणं. पानं दोऱ्यानं बांधलेली असत म्हणून ग्रंथ. आज मात्र आपण ग्रंथ म्हणतो तो ज्ञानेश्वरीला, नाहीतर सातशे पानांच्या संदर्भग्रंथाला. अकरा वर्षांची मुलगी वाचते ते पुस्तक. मुलं कधी "मला ग्रंथ द्या" म्हणत नाहीत. मी एका छोट्या मुलाला ग्रंथ म्हणजे काय विचारलं होतं. म्हणाला, "आजीचं पुस्तक."

जुनं बाड

म्हणूनच 'पुस्तक' आणि त्याचे घर ते 'पुस्तकालय'. आपला देशी, सोपा शब्द. फिरून तिथेच आलो.

चपलेचा अंगठा

इतके दिवस नुसता वाचत होतो, पण 'देशी' वाचलं आणि राहवलं नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या चप्पल लाइनीतलं. कातडं कमावणं, पट्टे कापणं, वेणी घालणं हे बघत वाढलो. कॉलेजात संस्कृतच्या सरांनी एकदा सांगितलं की 'पुस्तक' शब्दाचं मूळ पुष्कळ अभ्यासक जुन्या इराणी भाषांत शोधतात. तिकडे पोस्त म्हणजे कातडं. फारशीत आजही पोस्त म्हणजे त्वचाच. कातड्यावर लिहायचे, ते पुस्त, त्याचं पुस्तक, आणि पुस्तिकेची झाली पोथी.

त्या दिवशी घरी जाऊन मी वडिलांना सांगितलं. ते आरी घेऊन तळ टाचत होते. त्यांनी थांबून विचारलं, "म्हणजे पोथीबी आपल्याच मालाची?" मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना आईला त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

तर बाडकाका, 'लायब्ररी' परकी आणि 'पुस्तक' देशी असं इतक्या सहज म्हणू नका. आलेला शब्द किती दिवस राहिला की घरचा होतो, एवढाच प्रश्न आहे.

जुनं बाड

ही व्युत्पत्ती मला माहीत आहे, आणि तिच्यावरही मतभेद आहेत. पण तुमच्या वडिलांचा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवला आहे. तरीही शतकानुशतके मुरलेला शब्द आणि दोनशे वर्षांपूर्वी आलेला शब्द यांना एका पंगतीत बसवता येत नाही.

पेठकरी

दिवाळीला देतात तो पोस्तही याच कातड्यातला काय?

चपलेचा अंगठा

तसं काही ऐकलेलं नाही, भावा. उगीच जोडू नको.

गंगावेशकर

तुमी सगळी शिकलेली माणसं. मला 'वाचनालय' शब्दाबद्दल एक सांगायचंय, व्याकरणाचं न्हवं.

आमच्यात 'वाचतोय' म्हणत न्हाईत. मी वाचालोय, ती वाचालीया, पोरगं वाचालंय. आमची आजी शाळेची पायरी चढली न्हवती. मी चौथीत असताना टायफॉइडनं जवळजवळ गेलोवतो. दोन महिने अंथरुणाला. उठल्यावर मास्तरांनी शाळेतली गोष्टींची पुस्तकं घरी पाठवली. मी पडवीत बसून वाचायचो. आजी दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "पोरगं वाचालंय, दंगा करू नगासा." आन् त्याच आवाजात, त्याच दमात, दुखण्याची गोष्ट निघाली की म्हणायची, "पोरगं वाचलं माझं." मला लहानपणी दोन्ही एकच वाटायचं. पुस्तक हातात हाय तवर मी मरत न्हाई, असं खरंच वाटायचं.

पुढं गावात मोफत वाचनालयाची पाटी लागली. आजीनं मला विचारलं काय लिवलंय. मी म्हटलं, "वाचनालय." ती म्हणाली, "कोण वाचालंय?"

मला अजून त्या पाटीखालनं जाताना तेवढंच ऐकू येतंय. ताई, तुमची पोरगी घरातल्या भांडणातनं तिथं जाऊन बसती म्हणता. मग तिला वाचनालयच द्या.

शब्दवेल्हाळ

गंगावेशकर काका, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. काय उत्तर देऊ सुचत नाही.

जुनं बाड

गंगावेशकरांच्या आजींना नमस्कार. व्याकरणापुरते सांगतो, म्हणजे नोंद राहील. दोन्ही 'वाचणे' वेगळ्या मुळांची. पुस्तक वाचणे हे 'वच्' पासून, म्हणजे बोलणे, मोठ्याने म्हणणे. जुना वाचक मुक्याने वाचत नसे. जीव वाचणे हे 'वञ्च्' पासून, निसटणे, चुकवणे. म्हणून जुन्या छपाईत ते 'वांचणें' असे अनुस्वार देऊन दिसते. 'त्याच्यावांचून' मधले वांचून त्याच घरातले. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द दिसायला जुळे झाले. मला ते अनुस्वार जाणे अजून सलते. 'पुस्तक वाचून' आणि 'पुस्तकावांचून' यांतला फरक एका टिंबाने डोळ्यांना दिसत असे.

दौत

टिंब गेलं ते बरं झालं असं आता वाटतं, निदान त्या आजींसाठी.

'वाचन' म्हणताना तुम्ही 'चार' मधला च म्हणता की 'चाक' मधला? आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. तत्सम शब्द म्हणून ते नेटानं 'चार'चा च म्हणायचे, आणि माझ्या तोंडून 'चाक'चा च ऐकला की पुस्तक खाली ठेवून दुरुस्ती करायचे. बाकी सगळं कोल्हापूर 'चाक'चाच च म्हणतं.

निपाणीकर

'चाक'चा. 'चार'चा च लावून 'वाचन' म्हटलं की बातम्या लागल्यासारखं वाटतं.

जुनं बाड

'चार'चा. तत्सम शब्दात च तालव्यच हवा.

पेठकरी

लायब्रीत हा प्रश्नच येत नाही.

शब्दवेल्हाळ

मला परवा पानं द्यायची आहेत. काल रात्री तिन्ही शब्द घालून तोच परिच्छेद मोठ्यानं वाचून बघितला. 'ग्रंथालय' घातलं की मुलगी एकदम गणवेशात दिसते, शिक्षकांनी रांगेनं नेल्यासारखी. 'लायब्ररी' घातलं की ती शहरातली होते, खांद्यावर चांगलं दप्तर येतं. 'वाचनालय'मध्ये बाहेरच्या खोलीतले पेपर वाचणारे म्हातारे दिसतात, आणि त्यांच्या पायांमधून वाट काढत ती आतल्या कपाटापाशी जाते. तूर्त ते ठेवलंय. पण तिची आई शेवटच्या पानावर तिला शोधायला येते. ती बाई वाचनालय म्हणणार नाही असं मला आतून वाटतंय. तिच्या तोंडी काय घालू?

दौत

तिला जागेचं नाव घ्यायला लावूच नका. "तिकडं असेल बघा, पुस्तकांत."

जुनं बाड

मूळ लेखकाने तिच्या तोंडी 'पुस्तकालय' घातले असेल तर ते गाळण्याचा अधिकार अनुवादकाला नाही.

चपलेचा अंगठा

काका, मूळ लेखकानं आई घातलीय. ती तिच्या गावचं बोलली तर त्यांना राग येईल का?

गंगावेशकर

एक इचारायचं राहिलं. आमच्यात पोथी 'सोडत्यात'. रुमाल सोडून पाटावर ठेवली की "पोथी सोडली" म्हणत्यात, आन् संपल्यावर "बांधली". तुमच्यात पोथी उघडत्यात का सोडत्यात?

निपाणीकर

आमच्यात पोथी 'लावतात'. श्रावणात देवळात पोथी लागली की महिनाभर चालते.

दौत

'लावणं' वेगळं आणि 'सोडणं' वेगळं. 'लावणं' महिन्याचं, 'सोडणं' रोजचं. थांबा, आईला विचारून सांगते.