मुलांच्या घोडेस्वारी स्पर्धा : किमान वय आणि पालकांनी लिहून दिलेली हमी

प्रश्न

आमच्या घोडेस्वारी क्लबतर्फे मुलांसाठी कमी उंचीच्या अडथळ्यांची स्पर्धा घेण्याचे घाटत आहे. काही पालकांना आठ-नऊ वर्षांच्या मुलांचीही नावे द्यायची आहेत, आणि मूल पडून जखमी झाल्यास क्लबला जबाबदार धरणार नाही, असे लिहून देण्याचीही त्यांची तयारी आहे. किमान वयाचा एखादा सर्वमान्य नियम आहे का, आणि अशा हमीनंतर संयोजकांवर व प्रशिक्षकांवर कायद्याने काही जबाबदारी उरते का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १

क्लबपातळीवर सर्वत्र लागू होणारे असे एकच वय नाही. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धांत पोनी (लहान चणीचे घोडे) गट १२ ते १६, ज्युनिअर १४ ते १८ आणि यंग रायडर १६ ते २१ असे गट आहेत. मात्र वय वाढदिवसापासून नव्हे, तर कॅलेंडर वर्षावरून मोजले जाते, त्यामुळे डिसेंबरात १२ पूर्ण होणारे मूलही त्या वर्षीच्या जानेवारीपासून पात्र ठरते. त्याखालच्या स्पर्धांसाठी आपल्या राष्ट्रीय महासंघाचे नियम पाहावेत आणि विम्याची अटही वाचावी, कारण विमा कंपनीने घातलेली वयोमर्यादा ओलांडली तर विमा असून नसल्यासारखा होतो.

उत्तर २

हमीवर विसंबून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार (त्याआधी १९७७ च्या कायद्यानुसार) व्यवसाय चालवणाऱ्याला ग्राहकांच्या बाबतीत स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी कोणत्याही कराराने झटकता येत नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम ८३३ प्रमाणे हौसेखातर घोडा पाळणाऱ्याला त्याची काहीही चूक नसतानाही भरपाई द्यावी लागते; उपजीविकेसाठी घोडा पाळणाऱ्याला मात्र आपण योग्य काळजी घेतली होती, हे सिद्ध करून सुटता येते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे कायदे घोड्याच्या स्वभावातच असलेल्या धोक्यापुरते संयोजकाला संरक्षण देतात, पण सदोष खोगीर दिले असेल, किंवा स्वाराचा वकूब न तपासताच त्याला घोडा दिला असेल, तर हे संरक्षण सहसा मिळत नाही. शिवाय भरपाईचा हक्क मुलाचा स्वतःचा असतो आणि आईवडिलांच्या सहीने तो संपतो, हे तेथील अनेक न्यायालयांना मान्य नाही.

उत्तर ३

वकूब तपासण्याचा जो मुद्दा वर आला आहे, तोच प्रशिक्षकाच्या दृष्टीने कळीचा आहे. दोन मुले एकाच वयाची असली, तरी एकाचे पाय खोगिराच्या कडेखाली उतरतात आणि दुसऱ्याचे उतरत नाहीत. त्या दुसऱ्याची टाच घोड्याच्या अंगाला लागतच नाही, मग तो घोड्याला पुढे काढणार कसा आणि आवरणार कसा? मोठ्यांच्या खोगिराचे रिकिबीचे (पाय ठेवायच्या कडीचे) पट्टे गुंडाळून आखूड करण्याची सवय तर फारच घातक आहे. रिकीब बुटापेक्षा साधारण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असावी : त्याहून अरुंद असेल तर पाय अडकतो, फार मोठी असेल तर पाऊल आरपार जाते, आणि दोन्ही प्रकारांत पडलेले मूल घोड्याबरोबर फरफटत जाऊ शकते. नाव स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक मुलाला स्पर्धेतल्याच घोड्यावर बसवून थांबणे, वळणे आणि ठरलेल्या जागी चाल बदलणे हे करून दाखवायला सांगावे, आणि ज्याला ते जमत नाही त्याला वय कितीही असले तरी अडथळ्यांकडे पाठवू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग पालकांची सही घेण्यात काहीच अर्थ नाही, असे समजावे का?

उत्तर २

सही अवश्य घ्यावी, परंतु जबाबदारीतून सुटका म्हणून नव्हे, तर धोक्याची कल्पना दिल्याचा आणि मुलाचे आजार, औषधे व पूर्वानुभव विचारल्याचा पुरावा म्हणून. त्याच कागदाला उत्तर ३ मधील चाचणीचा निकाल, दिलेल्या घोड्याचे नाव आणि हेल्मेट तपासणाऱ्याची सही जोडावी. हे कागद स्पर्धा संपली म्हणून फेकून देऊ नयेत. इंग्लंडमध्ये मुलाच्या इजेच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत तो १८ वर्षांचा झाल्यावर सुरू होते, म्हणजे आठव्या वर्षी पडलेले मूल एकविसाव्या वाढदिवसापर्यंत न्यायालयात जाऊ शकते. आपल्याकडे लागू असलेली मुदत वकिलाकडून समजून घ्यावी आणि निदान तेवढा काळ तरी नोंदी जपाव्यात.